जादा चाकं बेल्जियमला न्यायची आहेत? आधी ती पुण्यात तयार करा

प्रश्न एका आईचा आहे. कोथरूडला राहतात. मुलगी सतरा वर्षांची, रोड रेसिंग करते. ऑगस्टमध्ये पाच आठवडे बेल्जियमला जाऊन तिथल्या गावोगावच्या केर्मेस शर्यतींत उतरणार आहे. सायकल बॉक्समधून तिच्याबरोबर जाईल. चाकांची दुसरी जोडी आधी कुरियरने पाठवावी, विमानात जादा सामान म्हणून न्यावी, की तिथेच विकत घ्यावी, असं त्यांनी विचारलंय. शेवटी एक ओळ लिहिली आहे : "पहिले दोन आठवडे मी तिच्यासोबत असेन, पण मला सायकलीतलं काही कळत नाही."

ताई, चाकं मुलीबरोबरच, त्याच विमानातून, वेगळ्या खोक्यात जाऊ द्या. कुरियर नको. आणि ती शेवटची ओळ तुम्ही सहज लिहिली असेल, पण माझ्या उत्तराचा अर्धा भाग तिच्याबद्दलच आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

मी चोवीस वर्षं पुण्यात चाकं बांधतोय, आणि काही वेळा मेकॅनिक म्हणून पोरांबरोबर बाहेरच्या शर्यतींनाही गेलोय. कुरियरला नाही म्हणण्याचं कारण साधं आहे. पार्सल म्हणून गेलेलं चाक तिथल्या कस्टम्सच्या लेखी आयात झालेला माल असतो. बेल्जियममध्ये त्यावर २१ टक्के व्हॅट लागतो, शिवाय ड्युटी. वापरलेल्या चाकाची किंमत काय धरायची यावर पत्रापत्री सुरू झाली की पार्सल गोदामात पडून राहतं आणि शर्यतीची तारीख निघून जाते. परत येताना तोच प्रकार मुंबईत. खेळाडूने स्वतःबरोबर नेलेलं सामान मात्र प्रवाशाचं सामान म्हणून जातं. १९९० च्या इस्तंबूल करारात प्रवाशांच्या वस्तू आणि खेळासाठी तात्पुरतं नेलेलं सामान यांच्यासाठी स्वतंत्र परिशिष्टच आहे. कुणी तुम्हाला एटीए कार्नेट, म्हणजे सामान ड्युटी न भरता तात्पुरतं परदेशी नेण्याचा कागद, काढायला सांगेल. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि ते एक वर्ष चालतं. पण त्यासाठी तारण ठेवावं लागतं, कागदपत्रं वाढतात. अख्ख्या संघाचं व्हॅनभर सामान असेल तर जरूर काढावं. एका मुलीच्या दोन चाकांसाठी त्यात पडू नका.

एक कागद मात्र न चुकता करा. चाकं महागडी असतील तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. सामान बेल्टवर टाकण्याआधी चाकं प्रत्यक्ष दाखवावी लागतात, म्हणून खोका तिथे उघडता आणि पुन्हा बंद करता येईल असा ठेवा. चिकटपट्टीचा रोल हातातल्या पिशवीत असू द्या. हबवर (चाकाचा मधला भाग) किंवा रिमवर (बाहेरचं गोल कडं) नंबर असेल तर त्याचा फोटो आणि दुकानाचं बिल सोबत ठेवा. परत येताना हीच चाकं इथूनच गेली होती हे त्या कागदावरून सिद्ध होतं आणि ड्युटीचा प्रश्न उरत नाही.

तिथेच घेण्याचा पर्याय वाईट नाही. बेल्जियममध्ये चांगली साधी अॅल्युमिनियम रिमची जोडी सहज मिळते. पण ती तुमच्या सायकलीला जुळवून घ्यायचं काम मग परक्या गावात, शर्यतीच्या तोंडावर, ओळख नसलेल्या मेकॅनिककडून करून घ्यावं लागतं. आणि खरं काम तेच आहे.

ते का, हे माझ्याच चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आशियातल्या एका टप्प्यांच्या शर्यतीत मी दोन पुणेकर मुलांबरोबर होतो. विमानात नेण्यासाठी जादा चाकांचे टायर काढले होते. ते शर्यतीच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत, दमलेल्या हातांनी परत चढवले. हवा भरली, दाबून पाहिलं, घट्ट लागलं, झोपलो. सकाळी चाकं मागून येणाऱ्या गाडीत दिली. साठाव्या किलोमीटरच्या आसपास आमच्या मुलाचं मागचं चाक पंक्चर झालं. गाडी आली, चाक बदललं, त्याला ढकलून दिलं, आणि पन्नास मीटरवर तो परत थांबला. चढवताना टायरची कड आणि रिम यांच्यात ट्यूब किंचित चिमटली होती. रात्रभरात हवा हळूहळू गेली होती. चाक हजारो किलोमीटर पार करून वेळेवर, योग्य गाडीत, योग्य हातात पोहोचलं होतं, आणि त्यात हवा नव्हती. त्या मुलाचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्याची वर्षभराची तयारी माझ्या दोन मिनिटांच्या घाईत गेली.

तेव्हापासून मी जादा चाक आणि तयार चाक वेगळं मोजतो. काढलं, दुसरं घातलं, अॅक्सल (चाक सायकलीला धरून ठेवणारा दांडा) आवळला आणि निघालं : ब्रेक घासत नाही, गियर उडी मारत नाही, हवा पुरेशी आहे. याला तयार चाक म्हणायचं. ही तयारी फक्त घरी, त्याच सायकलीवर, निवांतपणे होते. जायच्या आधी निदान तीन आठवडे यासाठी ठेवा.

सुरुवात हबपासून. जमलं तर दोन्ही जोड्यांना एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं हब असावं. रिम वेगळी चालेल. मुलीची सायकल डिस्क ब्रेकची आहे असं तुम्ही लिहिलंय, तर रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, आणि कॅलिपर, म्हणजे तिला दाबणारा भाग, त्यातले पॅड यांच्यातली फट केसाएवढी असते. हब बदललं की रोटर थोडासा आत किंवा बाहेर सरकतो आणि घासायला लागतो. यावर उपाय असा : कॅलिपर मुख्य जोडीवर बरोबर मध्यभागी बसवून घ्यायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. दुसरी जोडी चढवायची, चाक फिरवायचं, कान देऊन ऐकायचं. घासत असेल तर त्या चाकाच्या रोटरमागे शिम, म्हणजे पातळ चकती, घालायची, ०.१ किंवा ०.२ मिलीमीटरची. जुळवणी नेहमी चाकाची करायची, सायकलीची नाही. नाहीतर एक चाक बसवायला दुसरं बिघडवलं, असं चक्र सुरू होतं.

रोटर दोन्ही जोड्यांना एकाच मापाचे हवेत. पुढे १६० आणि मागे १४० मिलीमीटरचे असतील तर दोन्हीकडे तसेच. नवे रोटर असतील तर ते पॅडबरोबर बसायला वेळ लागतो. त्या चाकांवर सिंहगडाची किंवा बोपदेव घाटाची उतरण तीन-चार वेळा करू द्या, प्रत्येक वळणाआधी ठामपणे ब्रेक दाबत. न बसलेला रोटर आयत्या वेळी कमी धरतो आणि किंचाळतो. बेल्जियमच्या ओल्या, विटा बसवलेल्या वळणावर मुलीला तो अनुभव पहिल्यांदा येता कामा नये.

मग कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा गियरच्या दातेरी चकत्यांचा गड्डा. जादा चाकाची कॅसेट वेगळी हवी आणि ती चाकावर चढवलेलीच हवी. लोक इथे नवीकोरी कॅसेट घालतात आणि फसतात. चेन वापराने ताणलेली असते, जुन्या कॅसेटचे दात तिच्याबरोबर झिजलेले असतात. त्या चेनवर नवी कॅसेट आली की जोर लावताच दात सुटतात. म्हणून मी आतापासून एक आठवडा ही जोडी, एक आठवडा ती, अशी आलटून पालटून वापरायला सांगतो. चेन एकच, कॅसेट दोन, दोन्ही सारख्या जुन्या. गियरचं सेटिंग मुख्य चाकावर करा आणि मग दुसऱ्या चाकावर एकही स्क्रू न फिरवता सगळे गियर बदलून पाहा. खरखर आली तर कॅसेटमागे पातळ वॉशर घालून भागतं. हे काम जवळच्या चांगल्या मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या.

तारांचा ताण एकदा मीटरवर तपासून घ्या आणि आऊट, म्हणजे फिरताना चाक डावी-उजवीकडे डुलणं, काढून घ्या. इथे माझा स्वार्थ नाही, कुठल्याही जाणत्या माणसाकडे जा. पण त्याच्याकडून त्या चाकाच्या मापाच्या जादा तारा मागून घ्या. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी बहुतेक वेगळी असते, साधारण २ मिलीमीटरने. म्हणून पुढच्या दोन, मागच्या डाव्या दोन, मागच्या उजव्या दोन, त्यांची निपल्स (तार रिमला आवळायचे छोटे नट), आणि प्रत्येक गड्डीवर कागदाची चिठ्ठी. पट्टीसारख्या चपट्या तारा असतील तर त्या धरायची छोटी चिमटी पण. परदेशातल्या दुकानात हब मिळतं, रिम मिळते, तुमच्याच लांबीची तार आज आत्ता मिळेल याचा भरवसा नाही.

जादा चाकांत ट्यूबच ठेवा, ट्यूबलेसच्या नादी लागू नका. मुख्य जोडी ट्यूबलेस असू दे. पण प्रवासासाठी टायर काढणार असाल, तर परत बसवताना त्याला एका दमात भरपूर हवा लागते आणि तो पंप तुमच्या खोलीत नसतो.

टायर काढा असं मी का म्हणतोय, ते मापावरून कळेल. बऱ्याच विमान कंपन्यांत सामानाच्या लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. रोडच्या चाकाचा व्यास टायरशिवाय साधारण ६३.५ सेंटिमीटर, २८ मिलीमीटर रुंदीचा टायर असेल तर ६८ च्या घरात. पुढचं हब १० सेंटिमीटर रुंद, मागचं १४.२. दोन्ही चाकं एकावर एक ठेवली की जाडी २४ च्या वर, फोम धरून २६. म्हणजे टायर काढलेले असतील तर ६६, ६६ आणि २६ : बरोबर १५८. टायरसकट ठेवलीत तर ७०, ७० आणि २६, म्हणजे १६६. काउंटरवर एखादी कडक बाई टेप घेऊन बसलेली असेल तर हे आठ सेंटिमीटर तुम्हाला महागात पडतील. घडी केलेले टायर कपड्यांच्या बॅगेत जातात.

खोका कुठल्याही सायकलच्या दुकानातल्या जुन्या पुठ्ठ्यातून कापून घ्या, बहुतेक जण फुकट देतात. फोम आणि पट्टी रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. रिमसाठी सर्वात चांगली वस्तू म्हणजे एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी. ती लांबीत चिरायची आणि रिमवर गोल बसवत जायची. एका रिमला जवळपास २ मीटर लागते. आतापर्यंत मी जेवढी चाकं प्रवासात खराब झालेली पाहिलीत, त्यातली बरीचशी अॅक्सलच्या टोकाने केलेली आहेत. वरून वजन पडलं की हबचं टोक पुठ्ठा फोडून बाहेर तरी येतं, नाहीतर शेजारच्या चाकाच्या तारांत घुसतं. म्हणून चारही टोकांवर तळहाताएवढा जाड पुठ्ठ्याचा तुकडा, दोन-तीन थर करून चिकटवा. नवीन सायकलीबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या टोप्या दुकानात मागितल्या तर मिळतात, त्याही लावा.

रोटर काढून वेगळे न्या. वाकलेला रोटर सरळ करता येतो, पण पुरता सरळ होत नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा आणि त्याला चेनच्या तेलाचा किंवा बोटांचा स्पर्श होऊ देऊ नका. कुठला रोटर कुठल्या चाकाचा हे पेंटच्या पेनाने लिहा. शिम हरवू नये म्हणून रोटरच्याच पाकिटात. रोटर हबवर धरून ठेवणारी सेंटर-लॉकची रिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची असते. हे काम मुलीने स्वतः इथे दोनदा करून पाहिलेलं असावं, आणि ज्या पान्याने करायचं तो पाना सामानात असावा.

मुख्य जोडी सायकलीच्या बॉक्समध्ये आणि जादा जोडी या खोक्यात, असं विभागलं की एक नग उशिरा आला तरी निदान एक जोडी हातात राहते. तिकीट काढताना सामान नगावर मोजतात की एकूण वजनावर, ते आधी पाहा. नगावर मोजत असतील तर हा खोका एक पूर्ण नग खातो. तिकिटात दोन वेगळ्या विमान कंपन्या असतील तर सायकल आणि चाकं नेणार असल्याचं त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. बॉक्समधल्या चाकांची हवा कमी करायला सांगतात, ती करा. खरं तर सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब राखलेला असतो, आणि अगदी निर्वात असता तरी टायरवर जास्तीचा ताण फार तर १४.७ पीएसआयचा आला असता. पण काउंटरवर हा वाद घालायचा नाही. रबर सोल्यूशन ज्वलनशील असतं, ते नेऊ नका, स्वतः चिकटणारे पॅच न्या. टायर भरायची वायूची काडतुसंही तिथेच घ्या. इलेक्ट्रॉनिक गियरच्या जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात.

पुण्याहून मुंबईला जाताना टॅक्सीवाल्याला एवढंच सांगा की हा खोका उभा राहील किंवा सगळ्यात वर. डिकीत आडवा ठेवून त्यावर चार सुटकेस रचल्या, तर विमानापर्यंत पोहोचायच्या आधीच एक्स्प्रेसवेवर चाकाला आऊट येतो.

तिकडे उतरल्यावर खोका विमानतळ सोडायच्या आधी उघडा. काही मोडलं असेल तर तिथल्या तिथे तक्रार नोंदवून कागद घ्या. माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. पहिल्या शर्यतीच्या निदान दोन दिवस आधी टायर चढवा. थोडी हवा भरून, दोन्ही बाजूंनी पूर्ण गोल फिरवत, टायरच्या कडेखालून ट्यूब दिसत नाही ना ते अंगठ्याने मागे सारून बघा. मग पूर्ण हवा भरून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी दाब मोजा. आकडा उतरला असेल तर ट्यूब बदला.

आता शर्यतीचा दिवस. १९३४ च्या टूर द फ्रान्समध्ये रने व्हिएत्तो नावाच्या वीस वर्षांच्या पोराने आपलं पुढचं चाक काढून संघाचा नेता आंतोनँ मान्य याला दिलं होतं. स्वतः तो रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर, मदतीची वाट बघत, रडत बसला. तो फोटो सायकलिंगमधल्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिलाय. त्या काळी एकाचं चाक दुसऱ्याला लागायचं तरी. आज फ्री-हब (हबचा कॅसेट बसते तो भाग) वेगळं, रोटर वेगळा, आणि तटस्थ मदतीच्या, म्हणजे कुठल्याही संघाच्या खेळाडूला चाक देणाऱ्या, गाडीत तुमच्या मुलीला बसेल असं चाक असेलच असं नाही. टूरमध्ये १९७७ पासून २०२० पर्यंत ही मदत मॅव्हिक कंपनीने दिली आणि २०२१ पासून शिमानो देते. गावच्या केर्मेसमध्ये तो थाट नसतो.

केर्मेस म्हणजे गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्या, बहुतेक ठिकाणी नावनोंदणी एखाद्या कॅफेत. सामानाची गाडी असेल तर नाव देतानाच विचारा की स्वतःची चाकं ठेवता येतात का. ठेवत असाल तर प्रत्येक चाकावर जाड टेप लावून मुलीचं नाव, शर्यतीचा नंबर, किती गियरची कॅसेट आणि रोटरचं माप लिहा. शर्यत संपल्यावर पंक्चर झालेलं चाक परत घ्यायला विसरू नका, ते गाडीतच राहून जातं. गाडी नसेल, किंवा असूनही भरवसा वाटत नसेल, तर चाकं घेऊन रस्त्याच्या कडेला कुणीतरी आपलं माणूस उभं हवं. फेरी लहान असते, मुलगी फिरून तुमच्यापाशी येतेच. ते माणूस तुम्ही, ताई.

सायकलीतलं सगळं कळायची गरज नाही. चाक बदलता यायला हवं. आठ-दहा दिवस रोज पंधरा मिनिटं सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघींनी सराव करा. मागचं चाक काढायचं असेल तर चेन सर्वात लहान दात्यावर असली पाहिजे. ते मुलीचं काम, थांबतानाच तिने गियर बदलायचा. सायकल तिने धरायची, सीटच्या मागून उचलायची. तुम्ही अॅक्सल फिरवून पूर्ण बाहेर ओढायचा आणि तो दातात नाही, जमिनीवर नाही, डाव्या मुठीत धरायचा. उजव्या हाताने मागचा डिरेलर (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मागे खेचला की चाक खाली निसटतं. चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर कुणीही दाबायचा नाही, पॅड जवळ येतात आणि मग नवीन रोटर आत शिरत नाही. नवीन चाक घालताना आधी चेन लहान दात्यावर ठेवा, मग रोटर पॅडच्या मध्ये जातोय का ते वाकून बघा, आणि मगच वर ढकला. अॅक्सल घाला, घट्ट आवळा, चाक एकदा फिरवा. हात काढा आणि मोठ्याने "जा" म्हणा. तो शब्द ऐकल्याशिवाय तिने पेडल मारायचं नाही, हे दोघींत आधीच ठरवून ठेवा.

रोटर उतारानंतर तापलेला असतो, बोटं भाजतात. पातळ हातमोजे घाला आणि सरावही तेच घालून करा. पहिल्या दिवशी तुम्हाला तीन-चार मिनिटं लागतील. सराव झाला की अर्ध्या मिनिटाच्या आसपास याल. मग एकदा दोघी पाषाणच्या रस्त्याला जा. ती जोरात चक्कर मारून, धापा टाकत, हात वर करून तुमच्यापाशी थांबेल, आणि पाऊस पडत असेल तर अजून चांगलं, कारण ओल्या हातांनी अॅक्सल पकडायचा सराव पार्किंगमध्ये होत नाही.